रावणाचे गुण आणि चित्रांगदेचा प्रश्न

दुष्ट राज्यकर्त्याच्या अंगी वंदनीय गुण असू शकतात काय, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच साहित्यशास्त्राचाही आहे. खलपुरुषाला सर्वस्वी काळा रंगविणारा कवी वाचकास निश्चिंत करतो. कारण असा राक्षस कोणाच्याच ओळखीचा नसतो. उलट, त्याच्या गुणांचे वर्णन करू लागावे, तर त्या तेजात दुष्कृत्य दिसेनासे होण्याचे भय असते. रामकथेतील रावण दोन थोर कवींच्या हाती कसा उतरला, हे पाहिल्यास या पेचाचा काही उलगडा होईल, असे आम्हांस वाटते.

वाल्मीकीने रावणाच्या गुणांची साक्ष भाटांकडून नव्हे, तर शत्रुपक्षाच्या दूताकडून काढविली आहे. सुंदरकांडात बांधून सभेत आणलेला हनुमान रावणाचे रूप, धैर्य व तेज पाहून विस्मित होतो. आणि याच्या ठायी अधर्म प्रबळ नसता, तर हा देवलोकाचाही रक्षक झाला असता, असे मनाशी म्हणतो. या विचारातील 'नसता तर' हीच खरी मेख होय. स्तुती पूर्ण आहे आणि दोषाचा निर्णयही पूर्ण आहे. एकाने दुसऱ्याला तिळमात्र उणे केलेले नाही. वैर मरणाबरोबर संपले असे सांगून राम बिभीषणाकडून रावणाचे अंत्यसंस्कार करवितो, तेथेही हाच तोल दिसतो.

मायकेल मधुसूदन दत्त यांच्या 'मेघनादवध' (१८६१) या नऊ सर्गांच्या बंगाली महाकाव्यात हा तोल बुद्ध्याच ढळविलेला आहे. कवीचा जिव्हाळा उघडपणे लंकेकडे आहे. त्यांचा रावण पुत्रवत्सल आहे, आणि त्याचा शोकही राजाला साजेसा आहे. मेघनाद पूजेस बसलेला असता, हाती शस्त्र नसताना, लक्ष्मणाकडून मारला जातो. वाचकाची सहानुभूती कोठे जावी, याविषयी कवीने संदेह ठेवलेला नाही. येथे खलाला नायक करून नीतीचा विपर्यास केला, असा आक्षेप सहज घेता येईल.

परंतु या आक्षेपाचे उत्तर पहिल्याच सर्गात आहे. वीरबाहू हा पुत्र रणात पडल्याने व्याकुळ झालेली राणी चित्रांगदा सभेत येते. देशाच्या वैऱ्याशी लढताना पुत्र पडला, तू वीरमाता आहेस, अशा शब्दांत रावण तिचे सांत्वन करतो. त्यावर ती विचारते, की राम काय लंकेचे सिंहासन घेण्यासाठी आला आहे? मग त्याला देशाचा वैरी का म्हणावे? राजाने आपल्याच कर्माने कुळ बुडविले व स्वतःही बुडाला, असे ती स्पष्ट सांगते. रावणाजवळ उत्तर नाही. ती निघून जाताच तो गर्जना करीत उठतो आणि युद्धाच्या तयारीस लागतो.

आमच्या मते संपूर्ण काव्याचे मर्म या प्रसंगात आहे. रावणाचे पुत्रप्रेम ढोंगी नाही, त्याचे शौर्यही खोटे नाही. तथापि एका पुरुषाचा वैयक्तिक अपराध देशाचे युद्ध बनतो, तो याच गुणांच्या बळावर. राजा प्रेमळ व शूर नसता, तर लंकेचे वीर त्याच्यासाठी इतक्या निष्ठेने मरते ना. म्हणजे गुण हे येथे दोषाचे परिमार्जन नसून त्याचे भांडवल आहे.

काव्याचे वैगुण्यही आम्ही येथेच मानतो. पुढे करुणरसाचा ओघ असा काही वाहतो, की अखेरच्या सर्गात मेघनादाच्या चितेशी उभ्या असलेल्या पित्याकडे पाहताना चित्रांगदेचा प्रश्न आपणांस आठवतही नाही. वाल्मीकी तो विसरू देत नाही.

दुष्ट नेत्याच्या अंगचे गुण समीक्षकाने किंवा नागरिकाने नाकारू नयेत. ते नाकारणारा, असा नेता समोर आल्यावर, त्याला ओळखू शकणार नाही. मात्र त्या गुणांची किंमत कोणाच्या पुत्रांनी मोजली, हे विचारल्यावाचून त्यांचे कौतुक पुरे होत नाही.