अकिलिस कंडरेचे दुखणे आणि पिलाटीस : एक चिकित्सा

जोसेफ पिलाटीस यांच्या १९४५ च्या ग्रंथातील ३४ व्यायामांपैकी बहुतेक झोपून वा बसून करावयाचे आहेत. अकिलिस कंडरेच्या पुनर्वसनात त्यांची मर्यादा नेमकी येथेच आहे. दुखावलेल्या कंडरेची क्षमता क्रमाने वाढणाऱ्या भारानेच वाढते. आल्फ्रेडसन व सहकाऱ्यांच्या १९९८ मधील उपक्रमात पायरीच्या कडेवरून टाच सावकाश खाली नेण्याची १५ आवर्तने, ३ फेऱ्यांत, दिवसातून २ वेळा, १२ आठवडे करावयाची होती. चटईवरील पिलाटीस यास पर्याय ठरत नाही.

स्प्रिंगांच्या रिफॉर्मर यंत्राचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो. त्यावर आडवे होऊन देहभाराहून कमी भारात पोटरीला काम देता येते. उभ्याने व्यायाम असह्य होणाऱ्या रुग्णास हा आरंभीचा टप्पा उपयुक्त होय. तथापि तेथेच थांबणे म्हणजे पुनर्वसन अर्धवट सोडणे होय. माजिवड्यातील रहिवाशाला अखेर जिने चढावयाचे असतात, धावत बस गाठावयाची असते. त्यासाठी लागणारी पायरी त्याच्या इमारतीतच आहे. कंडरा टाचेच्या हाडाला जोडते तेथेच दुखत असेल, तर मात्र टाच पायरीखाली न नेता सपाट जमिनीवरच थांबवावी. सारांश, पिलाटीसचे स्थान पूरक आहे. मूळ उपचाराचे नव्हे.