‘सहा ते आठ वर्षं’ हा आकडा जरा जपून वापरा

माध्यमिक शाळेत उशिरा इंग्रजीकडे वळलेल्या मुलांवर प्रपोजल लिहायला बसलात, की एक आकडा हमखास भेटतो. बारा ते पंधरा वर्षांच्या वयात नव्या भाषेच्या शाळेत आलेल्या मुलांना वर्गाच्या पातळीला यायला 6 ते 8 वर्षं लागतात. हा आकडा व्हर्जिनिया कॉलिअर यांच्या 1987 च्या पेपरमधला. पेपर दमदार आहे, पण आपण तो वाचतो घाईत.

त्यात अमेरिकेत आलेल्या, सुरुवातीला इंग्रजी फारसं न येणाऱ्या 1,548 विद्यार्थ्यांचे गुण तपासले आहेत. 8 ते 11 व्या वर्षी आलेली मुलं सगळ्यात लवकर, 2 ते 5 वर्षांत, सरासरीला पोचली. 12 ते 15 वाल्यांना सगळ्यात जड गेलं. वयानुसार आणि विषयानुसार केलेली ही फोड हीच पेपरची ताकद.

आता खाचाखोचा बघू. एक, ‘6 ते 8’ हे मोजमाप नाही, अंदाज आहे. पंधराव्या वर्षी आलेला मुलगा आठ वर्षांनी शाळेत असेलच कसा? दोन, अंदाजाला अट आहे: सगळं शिक्षण फक्त नव्या भाषेत झालं तर. तीन, परीक्षा इंग्रजीतच होत्या. त्यामुळे विषय कच्चा की भाषा, हे गुणांवरून सांगता येत नाही.

हा पेपर आपल्याकडं आणायचा तर पुणे-सातारा महामार्गालगतचं वरवे बुद्रुक डोळ्यांसमोर आणा. समजा, तिथली एक मुलगी सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि आठवीत सेमी-इंग्रजीला आली. अमेरिकेतल्या मुलांच्या कानावर शाळेबाहेरही इंग्रजी पडत होती. हिची इंग्रजी तास संपला की संपते. मग वर्षांचा हिशेब तोच कसा राहील? पण हिच्याकडं एक जमेची बाजूही आहे. शिक्षक, वर्ग आणि घर, सगळ्यांना मराठी येतं.

नववीत ‘स्टार्टिंग फ्रॉम रेस्ट’ असं गणित आलं, तर ती ‘रेस्ट’ म्हणजे विश्रांती समजून अडते. ‘स्थिर अवस्थेतून निघालेली गाडी’ म्हटलं, की सुरुवातीचा वेग शून्य घेऊन त्वरण काढते. अडचण भौतिकशास्त्राची नव्हतीच.

म्हणून तुमच्या आराखड्यात समान काठिण्याचे प्रश्न दोन्ही भाषांत द्या. अर्ध्या मुलांना मराठी आधी, अर्ध्यांना इंग्रजी आधी, म्हणजे सरावाचा परिणाम वेगळा काढता येईल. दोन गुणांमधली तफावत हाच तुमचा खरा डेटा. आधार देण्याची दिशाही तिथूनच मिळते: बालभारतीचं विज्ञानाचं पुस्तक दोन्ही भाषांत मिळतं, तर धडा आधी मराठीत वाचून घ्या, मग इंग्रजीत उत्तराची वाक्यं बांधायला शिकवा. विषय थांबता कामा नये, कारण या वयात दहावी दारात उभी असते.

अट गाळून नुसता आकडा उचलला, तर त्याचा अर्थ ‘आता वय गेलं’ एवढाच उरतो. आणि त्या जोरावर एखाद्या हुशार मुलीला विज्ञानापासून बाजूला काढणं फार सोपं होतं.