आद्य मूकपट आणि त्यांच्या प्रतींचा प्रश्न

दुर्मिळ मूकपट जमविणाऱ्यांस मिळालेल्या रिळाचा आनंद इतका होतो कीं, दुर्मिळपणा म्हणजे अस्सलपणा नव्हे, हें त्यांच्या क्वचितच ध्यानीं येतें. धुंडिराज गोविंद फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हें याचें ठळक उदाहरण होय.

हा चित्रपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्याचीं रिळें चार. लांबी सुमारें ३,७०० फूट. पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत त्यांपैकीं पहिलें व शेवटचें अशीं दोनच रिळें आहेत. परंतु फाळक्यांनीं हेंच कथानक १९१७ सालीं पुन्हां चित्रित केलें. व उपलब्ध रिळें त्या दुसऱ्या कृतीचीं असावींत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे.

हा वाद क्षुल्लक नव्हे. आरंभीं राजा पुत्रास धनुर्विद्या शिकवितो, त्या दृश्याची मांडणी रविवर्म्याच्या चित्रांची आठवण करून देते. ही मांडणी नवख्या फाळक्यांची कीं चार वर्षांच्या अनुभवानें मुरलेल्या फाळक्यांची, हें ठरल्यावांचून ‘पहिलें पाऊल’ म्हणून तिची केलेली स्तुति निराधार ठरते. कथा व पात्रें दोन्हींकडे तींच. सबब त्यांवरून निर्णय होणार नाहीं. पोथीचा कागद व अक्षरवळण आपण तपासतों, त्याचप्रमाणें रिळाच्या कडेवरील कारखान्याच्या खुणा, पाट्यांचा मजकूर आणि तत्कालीन छायाचित्रें ताडून पाहिलीं पाहिजेत.

जपानांतही हाच अनुभव आहे. किनुगासा यांचा ‘कुरुत्ता इप्पेजी’ (१९२६) नष्ट झाला असें मानीत. १९७१ सालीं तो खुद्द दिग्दर्शकाच्या कोठारांत सांपडला. परंतु ती प्रत मूळापेक्षां आंखूड आहे. शोध लागला म्हणजे संशोधन संपलें, असें नव्हे.

बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) हा मूकपट उपलब्ध नाहीं. त्याच नांवाचा १९३६ चा बोलपट ही निराळी कृति होय. नागपूर-वऱ्हाडांतील जुन्या चित्रगृहांच्या अडगळींत एखादा डबा आढळल्यास वाचकांनीं तो स्वतः यंत्रावर चढवूं नये. जुनी नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते व ठिसूळ होऊन तुटते. डब्यावरील चिठ्ठी आहे तशी उतरून घ्यावी, डबा कोठें व कोणापासून मिळाला तें टिपावें, आणि मगच तज्ज्ञांच्या हवालीं करावा. नांव नंतरही ठरवितां येतें. पुसलेली खूण मात्र परत मिळत नाहीं.