अजिंठ्याची भिंत : चितारी आणि पंडित

कलावंत आणि संशोधक यांनी एकत्र येऊन एखाद्या व्यापक विषयाचा शोध घ्यावा, हा विचार अलीकडे विद्यापीठांतून नव्याने मांडला जातो. बौद्ध विद्येच्या अभ्यासकाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. अजिंठ्याला हे दोघे शतकापूर्वीच एका भिंतीपाशी आले होते. मात्र ते एकमेकांशी बोलले किती, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाही.

रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह तेच काम पुन्हा हाती घेतले. त्यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले. याच काळात जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी पश्चिम भारतातील लेण्यांचे शिलालेख वाचत होते. त्यांचा संयुक्त ग्रंथ १८८१ चा. ग्रिफिथ्स यांच्या खंडांचे बळ रेषेत आणि रंगात आहे. कथांची ओळख तेथे दुय्यमच राहते. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील रंगीत अक्षरे आर्यशूराच्या 'जातकमाले'तील श्लोक आहेत, हे हाइन्रिख ल्यूडर्स यांनी १९०२ साली दाखविले, तेव्हा प्रतिकृतींचे ते पर्व संपून गेले होते.

हा तपशील लहान नाही. 'जातकमाला' संस्कृत आहे, पालि नव्हे. अजिंठ्याचे प्रत्येक चित्र पालि अट्ठकथेच्या साच्यात बसविण्याची आपली सवय येथेच अडखळते. दहाव्या लेण्यातील छद्दन्त जातक घ्यावे. हस्तिदंत पाहताच कोसळणारी राणी तेथे चितारली आहे. हे चित्र ख्रिस्तपूर्व काळाचे. आपल्या हाती असलेले जातकाचे पालि गद्य त्याहून कित्येक शतकांनी सिद्ध झाले. गाथा जुन्या आहेत, हे मान्य. परंतु गद्याच्या आधारे चित्राला 'चुकले' म्हणणे शास्त्रशुद्ध नव्हे. चित्र हा ग्रंथाचा दाखला नसून स्वतंत्र पुरावा आहे. राणीच्या मानेचा कल, दासींच्या हातांची धांदल यांचा अर्थ चितारी सांगेल. तो पंडिताने ऐकला पाहिजे. आणि कोणती गाथा समोर आहे, हे पंडिताने चिताऱ्याला कुंचला उचलण्यापूर्वी सांगितले पाहिजे. आपल्या विहारांच्या भिंतींवर चित्रे काढवून घेताना हा क्रम पाळला जातो काय? बहुधा छापील चित्राचीच नक्कल होते.

मुंबईच्या वेशीवर अशा सहवाचनाला जागा आहे. वरसाव्याच्या खाडीपुलापलीकडे सोपाऱ्याची वाट जाते, जेथे भगवानलाल यांनी १८८२ साली स्तूपाचे उत्खनन केले. अलीकडे, त्याच डोंगररांगेत दक्षिणेस, कान्हेरी आहे. कान्हेरीच्या ३४ क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर बुद्धाचे चित्र अर्धवट राहिले आहे. चिताऱ्याने कोठे हात थांबविला, हे तेथे अजून दिसते. एक पालि वाचणारा आणि एक चित्र काढणारा असे दोघे तेथे एक दिवस बसले, तर प्रारंभाला तेवढे पुरे.