करारातला मजूर आणि फडातला मजूर

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम भागात दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की काही बाके रिकामी दिसतात, हे तिथल्या शिक्षकांना सांगायला नको. मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. या आईवडिलांना लागू पडावा असा एक करार जिनिव्हात २००१ साली मंजूर झाला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा हा १८४ क्रमांकाचा करार शेतीतील सुरक्षितता आणि आरोग्य या विषयावर आहे. ऊसतोड मजूर डोळ्यांपुढे ठेवून तो वाचला, तर त्याचे बळ आणि उणीव दोन्ही कळतात.

व्यवसायजन्य आजारांसाठी देश एकत्र आले ते शेतीमुळे नव्हे. १९०६ साली मिलानमध्ये डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली, तिच्यामागे आल्प्समधल्या सिम्प्लॉन बोगद्यात गेलेले मजुरांचे बळी होते. त्याच वर्षी बर्नमध्ये काड्यापेटीसाठी पांढरा फॉस्फरस वापरण्यावर बंदी घालणारा करार झाला, कारण त्याने कामगारांच्या जबड्याचे हाड कुजत असे. बोगदा काय किंवा कारखाना काय, जागा ठरलेली, मालक ठरलेला. १९५० मध्ये कामगार संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त समितीने 'सर्व व्यवसायांतील कामगार' असे व्यापक शब्द योजले खरे, पण मनातले चित्र कारखान्याचेच राहिले असावे. शेतमजुरांसाठी सर्वंकष करार व्हायला आणखी पन्नास वर्षे लागली.

करारात चांगले पुष्कळ आहे. हंगामी मजुराला कायम मजुराइतकेच संरक्षण मिळावे, असे सतरावे कलम सांगते. अठरावे कलम स्त्रियांचे गरोदरपण, स्तनपान व प्रजनन-आरोग्य यांची दखल घेते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांबाबत नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली पुढे आणलेले आकडे या कलमाशेजारी ठेवून पाहा. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे साधारण सहांमागे एक. करार होऊन वीस वर्षे उलटली तरी भारताने त्याला मान्यता दिली नव्हती, हेही इथे नोंदवले पाहिजे.

परंतु मान्यता मिळून भागले असते का? कराराचा सगळा भार 'मालक' या शब्दावर आहे. धोका ओळखायचा मालकाने, सूचना द्यायच्या मालकाने. नवराबायको मिळून होणाऱ्या एका कोयत्याचा मालक कोण? उचल दिली मुकादमाने, ऊस शेतकऱ्याचा, गाळप कारखान्याचे. आजाराने एक दिवस खाडा पडला की पैसे मात्र कोयत्याचेच कापले जातात. शिवाय दुसऱ्या कलमाने शेतमालावरील औद्योगिक प्रक्रिया व तिच्याशी निगडित सेवा वगळल्या आहेत. तोडणी-वाहतूक ही कारखान्याची सेवाच, असा युक्तिवाद एखाद्या हुशार वकिलाने केला तर उत्तर देणे सोपे नाही.

याच्या तुलनेत मध्य अमेरिकेतले सहकार्य मला अधिक मोलाचे वाटते. निकाराग्वा व एल साल्वाडोरमधील तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे मधुमेह वा रक्तदाब नसतानाही निकामी होऊ लागली. उन्हातले अतिश्रम व शरीरातले पाणी कमी होणे यांवर संशय होता. कारणांबद्दलचा वाद पूर्ण मिटलेला नाही. स्वीडन व अमेरिकेतल्या संशोधकांनी स्थानिकांबरोबर हंगामाच्या आधी व नंतर मजुरांच्या रक्तातील क्रिएटिनिन मोजले. पाणी, विश्रांती आणि सावली यांची व्यवस्था करून पुन्हा मोजले. विश्रांती वाढवल्यावर मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण घटलेले दिसले.

तिथले आकडे उचलून इथे चिकटवता येणार नाहीत. तिथे तोडणारे बहुतेक पुरुष आणि ऊस जाळलेला. इथे ऊस बहुधा हिरवा, निम्मे हात बायकांचे, शिवाय डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणे, तेही अनेकदा रात्री. आणि मजुरी टनावर असल्याने सावलीत बसलेला अर्धा तास मजुराच्याच खिशातून जातो. तो भरून कोण देणार हे ठरल्याशिवाय विश्रांतीचा सल्ला फुकट आहे.

पद्धत मात्र घेण्यासारखी आहे. गाव सोडण्यापूर्वी एक आणि परतल्यावर एक, अशा दोन रक्ततपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतात. कोणत्या घराला कधी कुलूप लागले आणि ते कधी उघडले, ही माहिती शाळेच्या हजेरीपटावर आहेच.