मंतरलेल्या तलवारीचा हिशेब

संगणकावरच्या खेळाची समीक्षा दिवाळी अंकात कशाला, असा प्रश्न काही वाचक विचारतील. त्याला माझे उत्तर साधे आहे. ज्या कल्पित जगात माणसे शे-दोनशे तास राहून येतात, त्या जगाच्या रचनेची चिकित्सा कुणीतरी करायला हवी. अद्भुताचे आपल्याला वावडे नाही. नाथमाधवांच्या 'वीरधवल'वर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, आणि त्याआधी घराघरांत महाभारत होतेच. अद्भुत आले की मंतरलेले शस्त्रही आले. फरक इतकाच की, कादंबरीत ते शस्त्र लेखक घडवतो आणि या खेळांत ते वाचकाला, म्हणजे खेळणाऱ्याला, स्वतः घडवावे लागते. प्रस्तुत लेखात मी एवढाच विषय घेतो आहे. हे घडवणे चांगले केव्हा होते, फसते केव्हा, आणि त्यातून त्या खेळाच्या कर्त्यांची दृष्टी कशी दिसते, हे पाहायचे आहे.

त्यासाठी अमेरिकेतल्या बेथेस्डा या संस्थेच्या 'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतले तीन खेळ समोर ठेवतो : 'मॉरोविंड' (२००२), 'ऑब्लिव्हियन' (२००६) आणि 'स्कायरिम' (२०११). भोपाळच्या माझ्या घरी हे तिन्ही खेळ मी स्वतः, एकाहून अधिक वेळा, शेवटपर्यंत खेळलो आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात रीत सांगतो. एक साधे शस्त्र घ्यायचे. त्यात कोणता गुण घालायचा ते ठरवायचे. आग, थंडी, वीज, शत्रूचे बळ शोषणे, असे अनेक गुण असतात. मग मारलेल्या प्राण्याचा आत्मा ज्यात कोंडला आहे असा एक खडा त्यासाठी खर्च करायचा. आत्मा जेवढा मोठा, तेवढा शस्त्रात साठा मोठा. प्रत्येक घावाला त्या साठ्यातून काही वजा होते. साठा संपला की हातात नुसते लोखंड उरते.

मराठीत या क्रियेला फार नेमका शब्द आहे : भारणे. मांत्रिक अंगारा भारतो, गंडा भारतो. त्याच शब्दातला 'भार' आपण शाळेत विजेच्या संदर्भात शिकलो. साठा, ओझे आणि मंत्र हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात नांदतात, आणि या खेळांतले सगळे गणित त्या तिहींच्या मेळावर उभे आहे.

नवखा खेळाडू पहिल्यांदा काय करतो? हाती असेल तेवढा सगळा जोर एका गुणात ओततो. 'ऑब्लिव्हियन'मध्ये सर्वांत लहान आत्म्याचा साठा १५० आणि सर्वांत मोठ्याचा १६०० असतो. समजा, एका घावाला ८० खर्च होतील अशी जबर आग भरली, तर मोठ्यात मोठा आत्मा घालूनही घाव मिळतात वीस. एका भुयारात शिरून अर्ध्या वाटेत तलवार मुकी होते. तोच खर्च १६ वर आणला तर घाव शंभर होतात. प्रत्येक घाव सौम्य असतो, पण परतीच्या वाटेपर्यंत तलवार बोलती राहते.

ही गोष्ट भोपाळात राहणाऱ्या मराठी माणसाला वेगळी शिकवावी लागू नये. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला याच शहरात कोंडले. निजामाचा तोफखाना भारी होता, म्हणून बाजीरावाने त्या तोफखान्यावर डोके आपटले नाही. त्याने दाणावैरण तोडली. जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याला तह झाला आणि माळवा मराठ्यांकडे आला. शस्त्राच्या जोराइतकीच त्याची रसद मोजावी लागते, हा धडा 'ऑब्लिव्हियन' पहिल्याच भुयारात देतो.

दुसरा विचार हाताचा आणि शत्रूचा. भरलेला गुण दर घावाला लागतो. त्यामुळे झपाझप चालणारी कट्यार तोच गुण थोड्या वेळात अनेकदा पोचवते, आणि साठाही तितक्याच वेगाने उडवते. दोन्ही हातांनी पेलायचा जड परशू घाव कमी घालतो, त्याचा साठा पुरतो, पण गुणाचा लाभ हळू मिळतो. 'स्कायरिम'मध्ये थंडीने शत्रूचा दम तुटतो आणि पाऊल मंदावते. विजेने त्याची मंत्रशक्ती आटते. आगीने घावानंतरही थोडे जळत राहते. मग थंडीची तलवार उत्तम म्हणावी काय? त्या हिमप्रदेशातले नॉर्ड लोक आणि थडग्यांतून उठणारी त्यांची प्रेते थंडीला निम्मी दाद देत नाहीत. जिथे पावलापावलाला तेच समोर येतात, तिथे थंडीवर सगळा साठा लावणे म्हणजे कोळ्याला पोहणे शिकवणे. मांत्रिकासमोर मात्र वीज घेऊन जावे.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त खड्गलक्षणाचा एक अध्याय आहे. पन्नास अंगुळांचे खड्ग उत्तम, पंचवीस अंगुळांचे कनिष्ठ, असे माप तिथे दिले आहे. त्याहून रंजक आहे ते पाणी देण्याचे प्रकरण. लक्ष्मी हवी त्याने पाते रक्तात विझवावे, गुणी पुत्र हवा त्याने तुपात, अक्षय धन हवे त्याने पाण्यात. हत्तीची सोंड छाटायची असेल तर माशाचे पित्त, हरिणी, घोडी व बकरी यांचे दूध आणि ताडाचा रस. हे खरे की खोटे, हा इथे प्रश्न नाही. रचनेकडे पाहावे : हेतू आधी आणि द्रव्य मागाहून. भोपाळजवळच्या भोजपूरचे शिवमंदिर ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या राजा भोजाच्या नावावरील 'युक्तिकल्पतरू'तही खड्गाची परीक्षा आहे आणि त्यात पात्याचा ध्वनीसुद्धा तपासायला सांगितला आहे. 'सर्वांत भारी तलवार कोणती' असा प्रश्न हे ग्रंथ विचारत नाहीत. ते विचारतात, कोणासाठी आणि कशासाठी. शस्त्र भारताना खेळाडूनेही हाच क्रम धरावा.

तिसरी गोष्ट गुणांच्या मेळाची, आणि खरी कलाकुसर इथेच आहे. 'ऑब्लिव्हियन'मध्ये शत्रूला आगीपुढे दुबळे करणारा एक गुण आहे. तो आगीबरोबर एकाच तलवारीत घातला तर पहिल्या घावाला त्याचा लाभ मिळत नाही, दुसऱ्या घावापासून मिळतो. म्हणून त्या दुबळेपणाची मुदत दोन घावांमधल्या अंतरापेक्षा थोडी जास्त हवी. कमी ठेवली तर तो गुण वाया जातो, फार वाढवली तर साठा वाया जातो. तसाच आत्मा कोंडण्याचा गुण. तो एक मिनिटाचा भरणारे पुष्कळ असतात. जाणता खेळाडू तो फक्त एका सेकंदाचा भरतो. दर घावाला तो नव्याने लागतोच, म्हणजे अखेरच्या घावाच्या क्षणी तो अंगावर असतोच असतो. खर्च नाममात्र, आणि पडलेल्या शत्रूचा आत्मा खड्यात. त्याच खड्याने तलवार पुन्हा भरायची. कमी शब्दांत नेमके बसवण्याचा जो आनंद चांगल्या ओवीत असतो, त्याच्या जातीचा आनंद इथे मला मिळाला आहे, आणि तो मी कमी लेखत नाही.

आता तुलना. 'मॉरोविंड' सर्वांत उदार आहे. तिथे घावासरशी लागणारे, मनात येईल तेव्हा सोडता येणारे, आणि कायम चालू राहणारे असे भारण्याचे वेगवेगळे प्रकार आहेत. कायमच्या प्रकाराला ४०० किंवा त्याहून मोठा आत्मा लागतो. वस्तू काळानुसार आपोआप पुन्हा भरते. 'ऑब्लिव्हियन'ने आपोआप भरणे बंद केले. हा बदल मला योग्य वाटतो, कारण त्यामुळे हिशेबाला धार आली. 'स्कायरिम'ने एक सुरेख अट घातली : एखादा गुण शिकायचा तर तो ज्या शस्त्रात आहे ते शस्त्र मोडावे लागते. विद्येसाठी काही गमवावे लागते, ही कल्पना फार जुनी आणि फार खरी आहे. पण त्याच खेळाने मेळ बसवण्याची मोकळीक छाटली. एका शस्त्रात एकच गुण, आणि विद्या शंभरावर पोचल्यावर फार तर दोन. शिवाय रसायनाने भारण्याचे बळ वाढवायचे, भारलेल्या वस्त्रांनी रसायनाचे, असे चक्र फिरवत शस्त्र अफाट करता येते. त्यानंतर कोणतीही लढाई लढाई राहत नाही. वाट निघते म्हणून खेळाडू ती घेतो. तिच्यावर जकात बसवणे कर्त्यांचे काम होते.

माझा मुख्य आक्षेप मात्र याहून खोल आहे. 'ऑब्लिव्हियन'पासून या खेळांत काळे खडे येतात आणि त्यांत माणसाचा आत्मा कोंडता येतो. माणूस कोणीही असो, दरोडेखोर असो की भाकरी भाजणारी बाई, त्याच्या आत्म्याचा साठा एकच : सर्वांत मोठा. 'स्कायरिम'मध्ये तो ३००० होतो. २०१२ च्या 'डॉनगार्ड' या पुरवणीत अशा कोंडलेल्या जिवांचे उजाड जग प्रत्यक्ष दिसते. त्या करड्या माळावर हिंडताना मी खरोखर अस्वस्थ झालो. पण तिथून परतल्यावर तलवार तशीच चालते. कोणी विचारत नाही, कुठे काही वजा होत नाही. जी रचना एका सेकंदाचाही हिशेब ठेवते, ती या एका ठिकाणी वही मिटून घेते.

महाभारताने ही वही कधी मिटली नाही. कर्णाला इंद्राकडून मिळालेली शक्ती एकदाच वापरायची होती. ती अर्जुनासाठी राखलेली, आणि खर्ची पडली घटोत्कचावर. तिची किंमत कर्णाने कवचकुंडलांनी आधीच मोजली होती. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता आले, आवरता आले नाही. नारायणास्त्रासमोर शस्त्र खाली ठेवणारा वाचला. आणि मौसलपर्वात, कृष्ण गेल्यावर, द्वारकेच्या स्त्रियांना लुटारू ओढून नेत असताना अर्जुनाचे अक्षय भाते रिकामे झाले. त्या भात्यांना आकडा नव्हता. ते कशाच्या बळावर भरलेले होते, हे ते रिते झाले तेव्हा कळले. शस्त्राचा गुण, त्याची मर्यादा आणि धारकाचे आचरण हे तिथे एकाच सूत्रात ओवलेले आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. त्यात एका मुलीला देवदेवता आयुधे देतात, त्रिशूळ दुर्गा देते. चित्रे देखणी आहेत, पण आयुधाच्या किमतीचा प्रश्न तिथेही विचारला जात नाही. 'ऑब्लिव्हियन' २०२५ मध्ये नव्या रूपात पुन्हा आला, म्हणजे या घडणीची ओढ ओसरलेली नाही. आपल्याकडचे तरुण कर्ते उद्या असा खेळ रचतील तेव्हा त्यांनी हिशेबाची शिस्त या तीन खेळांकडून जरूर घ्यावी. पण साठा कशाने भरायचा, हे ठरवताना त्यांनी व्यासाकडे जावे. खंडेनवमीला आपण शस्त्राला हळदकुंकू वाहतो, हात जोडतो. धार तपासण्याआधी हात जोडण्याची ही रीत ज्यांनी लहानपणापासून पाहिली, त्यांना हा खेळ रचणे इतरांपेक्षा सोपे जावे.