बोटांवरचा वसंत

लहान मुलांच्या गाण्यांकडे आपले समीक्षक क्वचितच वळतात. ओवीची चिकित्सा झाली, अभंगाची झाली, लावणीची आणि भावगीताचीही झाली; परंतु मांडीवरच्या मुलाची बोटे धरून म्हटल्या जाणाऱ्या चार ओळींना वाङ्मय म्हणावे की नाही, येथपासूनच आपला संकोच सुरू होतो. त्या ओळी छापल्या की पोरकट दिसतात, हे खरे. पण त्या छापण्यासाठी जन्मल्याच नव्हत्या. त्यांचा अर्धा अर्थ हातात असतो, आणि कागदावर हात येत नाही. म्हणून या प्रकाराचे मोल करावयाचे तर, शब्द काय म्हणतात याबरोबरच हात काय करतो हेही पाहिले पाहिजे. आम्ही येथे जपानमधील काही वसंतगीते आणि बोटांचे खेळ घेऊन तेच पाहणार आहोत, आणि त्या उजेडात आपल्या घरच्या गाण्यांकडे वळणार आहोत.

जपानच का, असे कोणी विचारील. शिरीष पै यांच्या हायकूंमुळे आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेल्या ‘तोत्तोचान’मुळे तो देश मराठी वाचकाला अगदीच परका राहिलेला नाही. तोत्तोचानच्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी मुलांना आधी अंगाने ताल धरावयास लावीत, हे वाचकांना स्मरत असेल. शिवाय वसंत हा तेथे खऱ्या अर्थाने मुलांचा ऋतू आहे. जपानी शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. चेरी फुलते आणि नवी मुले शाळेचा उंबरठा ओलांडतात. आपल्याकडे शाळेची घंटा परंपरेने जूनमध्ये वाजते. आपल्या मुलांच्या तोंडी वसंत नाही आणि पाऊस आहे, याचे एक कारण हेही असावे.

जपानी बालवाडीतील सर्वांत प्रसिद्ध हस्तखेळाचे नाव ‘मुसुन्दे हिराइते’. ‘मुठी बांधा, मुठी उघडा’ असा त्याचा अर्थ. मुले मुठी वळतात, सोडतात, टाळी वाजवतात, पुन्हा वळतात, आणि शेवटी दोन्ही हात वर नेतात. एवढाच हा खेळ. शब्द कोणी रचले हे अज्ञात आहे. पण चालीची वंशावळ मात्र थक्क करणारी आहे. फ्रेंच विचारवंत रूसो याने ‘गावचा ज्योतिषी’ या अर्थाची एक संगीतिका लिहिली होती. १७५२ साली ती फ्रान्सच्या राजापुढे झाली. तिच्यात एक मूकनाट्याचा प्रवेश आहे. पात्रे बोलत नाहीत, गात नाहीत, केवळ हावभाव करतात, आणि मागे वाद्ये वाजतात. त्या वाद्यसंगीतापासून ही चाल निघाली. पुढे इंग्लंड-अमेरिकेत तिच्यावर भक्तिगीते बसली. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावरील बंदीचे फलक १८७३ साली उतरले आणि त्याच दशकात ही चाल तेथील प्रॉटेस्टंट मिशनांच्या गीतसंग्रहांतून देशात आली.

त्यानंतरचा टप्पा आमच्या विषयाचा. इसावा शुजी या शिक्षणाधिकाऱ्याने बोस्टनहून लूथर मेसन या संगीतशिक्षकास बोलावून घेतले, आणि दोघांच्या देखरेखीखाली शाळांसाठी पहिले सरकारी गीतपुस्तक तयार झाले. त्याच्या पहिल्या भागावर १८८१ हे वर्ष आहे. त्यात या चालीवर वसंताचे गीत बसवले गेले: ‘मिवातासेबा’, म्हणजे ‘सभोवार पाहता’. विलोची हिरवी पालवी आणि चेरीचा बहर एकत्र विणला जाऊन राजधानी हेच वसंताचे जरीवस्त्र झाले आहे, ही कल्पना दहाव्या शतकातील दरबारी काव्यसंग्रहातून उचललेली होती. कल्पना सुंदरच आहे. पण ती कोणाची? उंचावर उभे राहून नगराकडे नजर टाकणाऱ्या, फुरसतीच्या, प्रौढ रसिकाची. सहा वर्षांचे मूल असे सभोवार पाहत नाही. ते एक फूल पाहते, तोडते, नाकाशी नेते, आणि बहुधा चुरगाळते.

हे वसंतगीत टिकले नाही. १८९५ च्या सुमारास, चीनशी झालेल्या युद्धाच्या काळात, त्याच चालीवर रणगीत रचले गेले. प्रार्थनेची चाल वसंताला दिली, वसंताची युद्धाला दिली. चाल बिचारी कोणालाही नाही म्हणू शकत नाही! अखेर महायुद्धातील पराभवानंतर, १९४७ साली, पहिलीच्या संगीताच्या पाठ्यपुस्तकात ती मुठी वळण्या-सोडण्याच्या खेळासह आली, आणि आज तिचे तेच रूप सर्वतोमुखी आहे. या एका चालीचा माग काढण्यासाठी एबिसावा बिन या संगीतसंशोधकाने १९८६ साली संपूर्ण ग्रंथ लिहिला.

आमच्या मते या प्रवासात एक वाङ्मयीन न्याय आहे. जी चाल शब्दांवाचून, हातवाऱ्यांच्या सोबतीने जन्मली, ती शंभर वर्षे थोरांचे शब्द वाहून पुन्हा हातांकडेच परतली. जरीवस्त्राची उपमा गळून पडली, मूठ राहिली. आणि गंमत अशी की, वसंत हा शब्दही न उच्चारता त्या खेळात वसंत आहेच. मिटलेले काही उघडते, पुन्हा मिटते, पुन्हा उघडते. मुलाला कळीची उपमा समजावून सांगावी लागत नाही, कारण कळी त्याच्या मनगटापुढेच आहे.

त्याच १८८१ च्या पुस्तकातील दुसरे गीत ‘चोचो’, म्हणजे फुलपाखरू. चाल जर्मन बालगीताची. फुलपाखराला मोहरीच्या जातीच्या रोपावर बसण्याचे निमंत्रण, तेथे कंटाळा आला तर चेरीवर जाण्याची मुभा. मूळ शब्दांत चेरीच्या बहराबरोबर सम्राटाच्या राजवटीच्या भरभराटीचाही उल्लेख होता. १९४७ मध्ये तो काढला आणि फुलपाखरू केवळ या फुलावरून त्या फुलावर जाऊ लागले. गीत त्यामुळे सुधारले, यात शंका नाही. बालवाडीत दोन्ही अंगठे एकमेकांत अडकवून उरलेल्या बोटांचे पंख करतात. हा हातवारा देखणा आहे, पण तो मागाहून जोडलेला आहे. तो काढून टाकला तरी गीताचे काही बिघडत नाही.

आता आपल्या मोराकडे वळू. मुलाच्या तळहातावर मोराला बसावयास सांगणारे, त्याला चारा घालणारे, पाणी पाजणारे आणि शेवटी उडवून लावणारे गाणे कोणत्या मराठी घरात म्हटले जात नाही? रचना तीच: पाखराला बोलावणे, बसवणे, उडवणे. पण येथे तळहात हेच अंगण आहे. आईच्या बोटाची टोच हाच चारा, दुसरी टोच हे पाणी. मोर उडतो तेव्हा मुलाचा हात खरोखर हवेत जातो आणि मूल खिदळते. हातवारा काढला तर गाण्यात काहीच उरत नाही. इतके ते दोन्ही एकजीव आहेत. फुलपाखराच्या गीतामागे एक शिक्षणखाते, एक बोस्टनचा संगीतज्ञ आणि एक जर्मन चाल उभी होती. मोरामागे कोणीही नाही. तरी रचना म्हणून आमचा मोर सरस आहे, असे आम्ही निःसंकोच म्हणतो. आपलेपणाच्या अभिमानापोटी आम्ही हे म्हणत नाही. शब्द आणि कृती यांतील अंतर कोठे कमी आहे, एवढेच मोजून म्हणतो.

पावसाला पैशाचे आमिष दाखवून मग खोटा पैसा देणाऱ्या गाण्याबद्दल काय लिहावे? मनमाडकराला ते विशेष कळते. वागदर्डीच्या धरणात पाणी किती, नळ किती दिवसांनी येणार, ही येथील घरोघरची पिढ्यान् पिढ्या चालत आलेली चौकशी. अशा गावात पावसाशी सौदा करणारे मूल काल्पनिक वाटत नाही. चैत्रात येथे निंबाला मोहर येतो, शेतांत उन्हाळ कांदा निघतो, वारा धुळीचे लोट आणतो. झावळ्यांच्या रविवारी मुले पातीचे क्रूस वळत बसतात. वसंत आहे, पण तो गाण्यात आलेला नाही.

लिखित बालकवितेने ही उणीव भरली का? रेव्हरंड ना. वा. टिळकांना आपण ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणतो, आणि ते बिरुद सार्थ आहे. पण टिळकांचे फूल हे चिंतनाचे निमित्त असते. कवी फुलापाशी वाकतो, त्याच्याशी बोलतो, त्यातून ईश्वराकडे पाहतो. ती मोठ्यांसाठी थोर कविता आहे. दोन वर्षांच्या मुलाचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नाही. विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’पासून मुलांच्या जिभेला अपूर्व मेजवानी दिली, पण तीही जिभेला. पुढच्या बालकवींत पाऊस, चांदोबा आणि सुट्टी यांची रेलचेल झाली. वसंत आला तो बहुधा कोकिळेपुरता, आणि तीही मोठ्यांच्याच कवितेतून उडत आलेली.

हाताचा विचार कोणी केला असेल तर तो कवींपेक्षा बालशिक्षकांनी. जर्मनीत फ्रोबेलने १८४४ साली आयांसाठी बोटांच्या खेळांचे पुस्तक काढले होते, आणि १८७६ मध्ये तोक्योत निघालेली पहिली बालवाडी त्याच्याच वळणाची होती. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभारला. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले; पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघांनी ते अखेरपर्यंत सांभाळले. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, पाने, बिया मुलांच्या हाती देणाऱ्या या बायांना हे पुरते ठाऊक होते की, मूल आधी हाताने शिकते. त्यांनी घातलेले वळण आज किती बालवाड्यांत उरले आहे, हे वाचकांनी आपापल्या गावी पाहावे.

मनमाड हे जंक्शन. भुसावळकडे, दौंडकडे, सिकंदराबादकडे फुटणाऱ्या वाटांनी येथे नाना भाषांची कुटुंबे आणली. अशा गावात इंग्रजी बालवाडी ही सर्वांची सोय ठरते, हे आम्ही नाकारीत नाही. तेथे अंगठ्याला ‘कोठे आहेस’ म्हणून विचारणारा एक इंग्रजी बोटांचा खेळ शिकवतात, चाल फ्रेंच. त्याच फ्रेंच चालीवर जपानी मुले मूठ, कात्री आणि पंजा यांपासून गोगलगाय बनवतात. म्हणजे चाल परकी असण्याला आमची हरकत नाही. ती असती तर अर्धी उपासना-गीते आपणास मिटवून ठेवावी लागतील. हरकत वेगळी आहे. जपानी मुलाला त्या चालीवर आपले शब्द मिळाले. आमच्या मुलाला चालीबरोबर शब्दही परके मिळतात, आणि घरी आजी त्याच अंगठ्याला काय म्हणते, हे त्याला कोणी विचारीत नाही. मनमाडच्या क्षितिजावर हडबीची शेंडी नावाचा सुळका हुबेहूब उभ्या अंगठ्यासारखा दिसतो. एवढा मोठा अंगठा डोळ्यांसमोर असताना त्यावर एकही बालगीत सर्वांच्या तोंडी नसावे, याचे आम्हांस नवल वाटते.

आता तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गाणी अहोरात्र हजर असतात, मराठीही असतात. त्यांतील काहींचे शब्द नीटनेटके आहेत. पण पडद्यावरचा मोर मुलाच्या तळहातावर बसत नाही, आणि मुलाचा हात यंत्र धरण्यात गुंतलेला असतो. संग्रह छापणारेही याच वाटेने जातात: रंगीत चित्र असते, ओळी असतात, पण कोणत्या शब्दावर कोणते बोट, हे कोठेच नसते. सोबत दोन ओळींची कृती छापली तर पृष्ठे वाढतील ती किती?

शेवटी बोटांच्या नावांविषयी. जपानी बालवाडीत अंगठा हा बाबा, तर्जनी आई, मग दादा, ताई, आणि करंगळी हे बाळ. पाच बोटांचे एक कुटुंब. आपल्या आज्यांनी निराळेच केले. त्यांच्या बोटमोजणीत करंगळीपासून चढत जाताना अंगठ्याशेजारच्या बोटाला ‘चाफेकळी’ म्हणतात. आमच्या माहितीत मांडीवरच्या गाण्यांतील वसंत तो हाच. चैत्रात देवचाफ्याला पाने नसतात. नुसत्या फांद्या आणि टोकांना निमुळत्या, पांढऱ्या कळ्या. ज्या बाईने प्रथम मुलाच्या बोटाला हे नाव दिले, तिने ते झाड निरखले होते. पुस्तकांत त्या बोटाचे नाव ‘तर्जनी’ असे आहे. तो संस्कृत शब्द, आणि त्याचा अर्थ दटावणारी.